तराईच्या गवतातून आठ दिवस

सोलापूरकडच्या माणसाला गवत नवं नाही. लहानपणी वडील आम्हा दोघी बहिणींना नान्नजच्या माळावर न्यायचे, माळढोक दाखवायला. तासन् तास झुडपाआड बसायचं, बोलायचं नाही, खोकायचं नाही. पक्षी दिसो न दिसो, गवत मात्र दिसायचंच. पवना, मारवेल, कुसळी ही नावं ताईला तिथेच पाठ झाली. पुढे ती कृषी खात्यात लागली, नोकरीतली बरीच वर्षं वैरणीच्या गवतावर घालवली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाली. नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. आपल्याकडे माळाला दप्तरी शब्द एकच, 'पडीक'. त्या एका शब्दाने किती माळ गिळले, हे ताईने नोकरीभर बघितलंय.

निवृत्तीनंतर कुठे जायचं, असं विचारलं तर म्हणाली, "हिमालयाच्या पायथ्याला, तराईत, माणूस बुडेल एवढं गवत असतं म्हणतात. ते एकदा डोळ्यांनी बघायचंय." मार्चचा शेवटचा आठवडा त्यासाठी निवडला. जानेवारी-फेब्रुवारीत जुनं गवत जाळलेलं असतं, नवे कोंब वर आलेले असतात, जनावर दिसतं. पावसाळ्यानंतर गेलो असतो तर गवताच्या भिंतीपलीकडे काहीच दिसलं नसतं.

पहिला दिवस: लखनौ ते पलिया

सीतापूर, लखीमपूर, भीरा करत पलियाला पोचायला दिवस गेला. रस्ता इतका सपाट, की दख्खनच्या माणसाला चुकल्यासारखं वाटतं. टेकडी नाही, दगड नाही, नांगराला लागेल असा एक खडाही नाही. आमचं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, काळ्या कातळावर बसलेलं. इथे हिमालय हाकेच्या अंतरावर असून उंची जेमतेम दीडशे मीटर, आणि खाली नद्यांनी आणून टाकलेला गाळच गाळ.

दोन्ही बाजूंना ऊस. कारखान्याबाहेर ट्रॉल्यांची रांग, त्यात वाढं ओढून खाणारी गुरं. हे सगळं आमच्या जिल्ह्यासारखंच, त्यामुळे मी फारसं लक्ष दिलं नाही. ताईने भीऱ्याच्या पुढे शारदेच्या पुलावर गाडी थांबवायला लावली. खाली वाळूच्या बेटांवर करड्या पात्यांचे झुबके उभे होते.

"हा कांस. उसाचा रानटी भाऊ."

मग तिने सांगितलं ते मला खरोखर माहीत नव्हतं. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. तिथे दक्षिणेतल्या जाड, गोड उसाचा संकर या कांसाच्या जातीशी केला गेला आणि त्यातून 'को २०५' हा वाण तयार झाला. गोडवा जाड उसाचा, काटकपणा कांसाचा. आज आपण लावतो त्या बहुतेक सगळ्या उसांच्या रक्तात थोडा कांस आहे. पंढरपूर-माळशिरसच्या फडात उभं असलेलं पीक आणि शारदेच्या वाळूत कुणी न लावता उगवलेले हे झुबके यांचं असं घरचं नातं. कांस काढून ऊस लावला तेव्हा आपण मूळ काढून फांदी लावली, असं ती म्हणाली आणि बराच वेळ पुलावरून हलली नाही.

दुसरा दिवस: दुधवा

पहाटे साडेपाचला जिप्सीत बसलो. दुधव्यात शिरताना आधी साल लागतो, इथले लोक त्याला साखू म्हणतात. सरळसोट खोडं, वर नुकती फुटलेली पोपटी पालवी, फिकट मोहोर आणि त्याचा मंद वास. मधूनमधून माणसाच्या डोक्याहून उंच वारुळं. अर्धा तास हे जंगल चाललं आणि मग झाडं एकदम संपली.

समोर गवत होतं. जळून गेलेल्या पट्ट्यात काळ्या खुंटांमधून गुडघाभर हिरवं वर आलेलं, आणि न जळलेल्या पट्ट्यात गेल्या वर्षीचं पिवळं, वाळकं, जिप्सीच्या टपाहून उंच. वारा आला की पिवळ्या पट्ट्यातून पावसासारखा आवाज यायचा. ताईने गाडीतूनच एक पातं वाकवून बोटांत धरलं. कड इतकी धारदार की अंगठ्याला चीर पडली. "आमच्याकडे साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला तर चांगलं साल म्हणतात. इथे त्याच्या दुप्पट. गवताला दुसरं काय हवं?"

वाटाड्या थारू समाजातला, पन्नाशीचा. त्याने बोट दाखवलं तिकडे गवत हललं आणि त्यातून गेंड्याची राखाडी पाठ वर आली. दहा-बारा मिनिटं तो चरत होता. पात्यांचा जुडगा जिभेने गोळा करायचा, ओठाने दाबायचा, मान झटकून तोडायचा. करकर असा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. या भागातला गेंडा एकोणिसाव्या शतकातच संपला होता. १९८४ साली आसामातून काही गेंडे इथे आणले, पुढच्या वर्षी नेपाळच्या चितवनातून चार माद्या आल्या. बदल्यात भारताने नेपाळला पाळीव हत्ती दिले. आज इथे चाळीसच्या वर गेंडे आहेत. आमच्यासमोर चरणाऱ्याचे पूर्वज सीमेच्या या बाजूचे की त्या, कोण सांगणार!

दुधवा राष्ट्रीय उद्यान झालं १९७७ साली, आणि त्यामागे बिली अर्जनसिंग या माणसाचा हट्ट होता. स्वतः शिकारी, मग शेतकरी, मग या जंगलाचा राखणदार. बहुतेकांना ते वाघांमुळे आठवतात. पण त्यांच्या लढ्यात बारशिंग्यालाही तेवढीच जागा होती, आणि बारशिंगा म्हणजे गवत आणि दलदल. वाघ राखायचा तर जंगल हवं हे लोकांना पटतं. ओल्या गवतासाठी भांडणारा माणूस विरळा, म्हणून मला त्यांचं मोठेपण इथे जास्त जाणवलं.

दुपारी वाटाड्याने आपल्या गावाला नेलं. ओसरीवर त्याची वहिनी टोपली विणत बसली होती. कांसाच्या काड्यांची बोटभर जाडीची वळी करायची आणि तिच्यावर मुंजाच्या सोललेल्या पट्टीचा वेढा घट्ट ओढून घ्यायचा. प्रत्येक वेढ्याला दाभणाने आधीच्या ओळीत भोक पाडून पट्टी त्यातून काढायची. पट्टी कोरडी पडली तर तुटते, म्हणून बाजूला पाण्याचं भांडं. दर चार-पाच वेढ्यांनी त्यात बोटं बुडवायची. काही पट्ट्या लाल आणि हिरव्या रंगवलेल्या, त्यांची नक्षी आपोआप गोल फिरत येत होती. तिच्या तर्जनीच्या पेरावर पट्टी ओढून ओढून पडलेला खोल घट्टा होता.

ताई म्हणाली, "आमच्याकडे मुलाची मुंज करतात ना, ते नाव या गवतावरून आलंय. बटूच्या कमरेला मुंजाची मेखला बांधायची म्हणून मौंजी." मी मोडक्या हिंदीत सांगितलं. बाई हसल्या आणि मुंजाची एक पट्टी ताईच्या मनगटावर बांधून म्हणाल्या, "लो, आपकी भी हो गई."

मी कितीतरी मुंजी जेवले असेन. मुंज गवत या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं.

तिसरा दिवस: किशनपूर, मग पिलीभीत

किशनपूर अभयारण्यातल्या झादी तालावर सकाळी पोचलो तेव्हा धुकं उठत होतं. तळ्याच्या कडेला पोटापर्यंत पाण्यात उभे बारशिंगे. मोजत गेलो, दोनशेनंतर सोडून दिलं. काही नरांच्या डोक्यावर फाटे फुटलेली शिंगं होती, काहींची गळून गेलेली. आपल्याकडची मंडळी कान्हाला जातात आणि बारशिंगा बघून येतात. पण कान्हाचा बारशिंगा कडक जमिनीचा, त्याचे खूर आवळलेले. हा तराईचा दलदलीतला, याचे खूर फाकतात, चिखलात रुतत नाहीत. एक मादी काठावर आली तेव्हा मागे राहिलेला ठसा बघितला: दोन पाकळ्या चांगल्याच दूर.

तिथून मैलानी, पुरनपूर करत पिलीभीत. पिलीभीतच्या वाघांची गोष्टही गवताचीच आहे. इथे जंगलाला लागून ऊस आहे, आणि उंच, दाट, पाणथळ ऊस वाघाला गवतच वाटतो. वाघिणी फडात पिल्लं घालतात. २०१४ साली इथे व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हा पंचवीसच्या आसपास वाघ होते, चार वर्षांत पासष्टच्या घरात गेले आणि त्याबद्दल प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण ऊसतोडीला फडात शिरणाऱ्या माणसाच्या घरी या आकड्याचा अर्थ वेगळा असतो. चहाच्या टपरीवर एकाने सांगितलं, फडात जाताना आम्ही चौघं मिळून जातो आणि सारखं बोलत राहतो.

गावात बासऱ्यांची दुकानं आहेत. बांबू आसामकडून येतो, कारागिरी इथली. एक घेतली.

चौथा दिवस: सीमेपलीकडे

सकाळी खटीम्याच्या अलीकडे एका ढाब्यावर पराठे खाल्ले. मालक सत्तरीचे सरदारजी. फाळणीनंतर त्यांचे वडील पश्चिम पंजाबातून इथे आले. सरकारने जमीन दिली ती म्हणजे गवत, डास आणि ताप. "पिताजी सांगायचे, घोड्यावर बसलेला माणूस गवतात दिसायचा नाही."

तराईचा इतिहास या तापाभोवती फिरतो. भाबरात, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात, मुरलेलं पाणी इथे वर येतं, जमीन ओली राहते, म्हणून हिवताप. डोंगरातले लोक पावसाळ्यात इथे उतरत नसत. राहायचे ते थारू. पिढ्यान् पिढ्या राहून त्यांच्या अंगात त्या तापाला तोंड देण्याची ताकद आली होती. १९५० नंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना डीडीटी फवारलं गेलं, हिवताप हटला आणि मग माणसांचा लोंढा आला. इकडे पंजाबातले आणि पूर्व बंगालातले निर्वासित, तिकडे नेपाळच्या डोंगरातले शेतकरी. वीस-पंचवीस वर्षांत गवताचं शेत झालं. सरदारजींच्या वडिलांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. सगळं मागे टाकून आलेल्या माणसाने नांगर धरायचा नाही तर काय करायचं? पण ज्या गवतात घोडेस्वार बुडायचा, त्याचा एवढासा तुकडा मागे राहिला, हेही तितकंच खरं.

बनबशाला शारदेवर १९२८ सालचा बराज, म्हणजे दरवाजांचा बंधारा आहे. इथूनच निघालेल्या कालव्याने उत्तर प्रदेशात ऊस वाढवला. बराजवरचा अरुंद पूल ई-रिक्षाने ओलांडला. नदीचं नाव डोंगरात काली, नेपाळात महाकाली, आणि इकडे शारदा. गड्डाचौकीला ओळखपत्र दाखवलं, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं आणि महेंद्रनगरला मुक्काम केला.

पाचवा दिवस: शुक्लाफाँटा

फाँटा म्हणजे मोकळं गवताळ मैदान. शुक्ल म्हणजे पांढरा. पावसाळा सरला की सगळं मैदान पांढऱ्या तुऱ्यांनी भरतं म्हणून हे नाव, असं इथे सांगतात. पूर्वी ही शिकारीसाठी राखलेली जागा होती, २०१७ साली राष्ट्रीय उद्यान झालं. उद्यान तीनशे पाच चौरस किलोमीटर, पण मुख्य फाँटा सोळा चौरस किलोमीटरच्या आसपास. नेपाळमधला सलग गवताचा सर्वांत मोठा तुकडा हाच.

आम्ही सहाच्या आधीच मचाणावर होतो. चारी बाजूंना गवत, क्षितिजावर सालाच्या जंगलाची काळी रेघ. दुधव्यातलं गवत उंच होतं, इथलं मुख्यतः सिरू, म्हणजे दर्भाच्या जातीतलं, छातीपर्यंत वाढणारं. जाळलेल्या भागात त्याचे कोंब सुईसारखे सरळ वर आले होते, टोकाला लालसर. त्यावर बारशिंग्यांचा कळप चरत होता. शुक्लाफाँट्यात दोन हजारांच्या वर बारशिंगे आहेत. काल-परवा शारदेच्या त्या बाजूला बघितले तेच हे. मध्ये लग्गा-बग्गाचा गवताळ पट्टा आहे, त्यातून जनावरं पिलीभीतकडे जातात-येतात.

पण आमचे डोळे दुसऱ्याच गोष्टीसाठी लागले होते. माळढोकाच्या कुळातला बंगाल फ्लोरिकन इथे विणीसाठी येतो. आपल्याकडच्या लहान फ्लोरिकनला मराठीत तणमोर म्हणतात, तणातला मोर. नेपाळीत या पक्ष्याला खरमुजुर म्हणतात. खर म्हणजे छपराचं गवत आणि मुजुर म्हणजे मोर. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच नाव ठेवलं. हा पक्षी जगात दोनच ठिकाणी उरलाय: भारत-नेपाळच्या या पट्ट्यात आसामपर्यंत, आणि कंबोडियात. सगळे मिळून हजाराच्या आत. नेपाळात तर शंभरही नाहीत.

सव्वासातपर्यंत काही नाही. ऊन चढायला लागलं. ताई दुर्बीण खाली ठेवत नव्हती. तिच्या कोपराखाली मी घडी घातलेली शाल दिली. मग वाटाड्याने, त्याला आम्ही दाजू म्हणजे दादा म्हणायचो, हळूच तिच्या खांद्याला स्पर्श केला. "दिदी, उता हेर्नुस्." ताई, तिकडे बघा.

तीनेकशे मीटरवर, जाळलेल्या आणि न जळलेल्या गवताच्या सीमेवर, एक काळा ठिपका उभा होता. काळं डोकं, काळी लांब मान, पाठ तपकिरी. त्याने गळ्याची पिसं फुगवली, मान मागे घेतली आणि सरळ वर उडी मारली. उडी म्हणजे पंख फडफडवत तीन-चार मीटर वर. आणि पंख उघडताच तो काळा पक्षी पांढराशुभ्र झाला. क्षणभर वर टांगल्यासारखा राहिला आणि पाय लोंबकळत गवतात उतरला. पुन्हा काळा ठिपका. मिनिटभराने पुन्हा तेच. सहा वेळा बघितलं. माद्या तिथेच कुठेतरी असणार. त्या तपकिरी आणि गप्प, आम्हाला दिसल्या नाहीत.

ताईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा असायला हवे होते."

खाली उतरल्यावर दाजूंना विचारलं, हे गवत असंच राहतं का? त्यांनी दिलेलं उत्तर मला सगळ्या प्रवासात महत्त्वाचं वाटतं. असंच ठेवलं तर राहत नाही. नदीने नवी वाळू टाकली की आधी कांस येतो, मग उंच गवत, मग खैर आणि शिसम, मग सावर, आणि शेवटी साल. आपोआप सोडलं तर फाँट्याचं जंगल होतं. म्हणून जाळावं लागतं, कापावं लागतं, झाडांची रोपं उपटावी लागतात. हे काम आधी गावकरीच करायचे, छपरासाठी आणि कुडासाठी. नेपाळच्या उद्यानांमध्ये थंडीत गवतकापणीला परवानगी देतात, तिला 'खर-खडाई' म्हणतात. खर छपराला आणि खडाई भिंतीला. पूर्वी बायाबापड्या दिवसेंदिवस कापत राहायच्या, आता मोजके दिवस मिळतात, आणि पत्रे आल्यामुळे छपराला गवत लावणारेही कमी झाले. गवताला वापरणारा माणूस कमी होतो तेव्हा गवत वाढत नाही, उलट त्यात झाडं घुसतात.

जाळण्यातही मोजमाप हवं. सगळा फाँटा एका दिवशी पेटवला तर राठ केसांचा ससा, हिमालयाच्या पायथ्याच्या उंच गवताशिवाय ज्याला दुसरं घर नाही, तो कुठे जाणार? म्हणून तुकड्यातुकड्याने जाळायचं, काही पट्टे उभे ठेवायचे. खरमुजुर नेमका त्या दोन पट्ट्यांच्या सीमेवर नाचत होता हे आता कळलं: नाचायला आखूड गवत, लपायला उंच.

ताईने वहीत सगळं उतरवून घेतलं. आमच्याकडे गवताच्या रानात खड्डे खणून झाडं लावली की त्याला हिरवाई म्हणतात. इथे गवत राखण्यासाठी झाडं उपटतात आणि त्याला पगार मिळतो.

सहावा दिवस: राजमार्गावरून बर्दियाकडे

बस पूर्व-पश्चिम राजमार्गाने निघाली. हा रस्ता डोंगराच्या पायथ्यालगत जातो, त्यामुळे तराईचं गणित इथे उलगडतं. दर काही मिनिटांनी लांबच लांब पूल येतो आणि खाली पाण्याचा थेंब नसतो. नुसते गोटे, डोक्याएवढे, कलिंगडाएवढे. हा भाबर. चुरे डोंगरातून सुटलेली नदी उतार संपताच आधी जड दगड टाकते. त्या दगडांत पाणी मुरतं आणि जमिनीखालून वाहतं. आठ-दहा किलोमीटर दक्षिणेला बारीक माती लागली की तेच पाणी झऱ्यांनी, डबक्यांनी वर येतं. तिथून तराई सुरू होते. वर कोरडे दगड, खाली ओलं गवत, पाणी मात्र एकच.

चिसापानीला कर्णाली डोंगरातून बाहेर पडते. एकाच मनोऱ्याला तारांनी टांगलेला पाचशे मीटरचा पूल. बसवाल्याने दहा मिनिटं थांबवलं. पाण्याचा रंग काचेच्या बाटलीसारखा हिरवा. इथून खाली नदी दोन फाट्यांत विभागते, पूर्वेचा गेरुवा आणि पश्चिमेचा कौरियाला. दोन्ही भारतात उतरतात आणि पुढे घाघरा होते.

अम्बासाला उतरलो, तिथून जीपने ठाकुरद्वारा. रात्री झोपेत कुत्री एकदम भुंकायला लागली. सकाळी कळलं, हत्ती केळीच्या बागेत येऊन गेला.

सातवा दिवस: गेरुवाच्या काठाने

नेपाळच्या उद्यानांत पायी फिरता येतं. पुढे एक वाटाड्या, मागे एक, दोघांच्या हातात काठी. निघताना सूचना: गेंडा अंगावर आला तर झाडावर चढा किंवा वाकडंतिकडं पळा, वाघ दिसला तर पळायचंच नाही, नजर न काढता मागे सरकायचं. गवताच्या भिंतींमधल्या हातभर रुंद पायवाटेने चालताना दोन्ही सूचना मी मनात घोकत होते. आत वारा पोचत नाही. गरम, ओलसर, मोडलेल्या पात्यांचा वास. चार पावलांपुढचं दिसत नाही, म्हणून माणूस कानाने चालतो. मचाणावरून गवत बघणं आणि गवताच्या पोटात असणं यात फार फरक आहे. वाघ दिसला नाही. ओल्या रेतीत ठसा मिळाला, कडा अजून ढासळल्या नव्हत्या.

बघौरा फाँट्यावर वाटाड्याने सांगितलं, इथे पूर्वी शेतं होती. गावं उठली, शेतं राहिली, त्यांचा फाँटा झाला. म्हणजे आज ज्याला आपण रान म्हणतो त्यातलं बरंचसं माणसाच्या हाताखालून गेलेलं आहे.

गेरुवाच्या काठी बसून भात खाल्ला. नदी रोडावलेली होती. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मोठ्या पुरांनंतर कर्णालीचं मुख्य पाणी पश्चिमेच्या फाट्याकडे वळलं. गेरुवात पूर्वी गंगेतले डॉल्फिन दिसायचे, आता ते तिकडे सरकले. खाली भारतात कतर्नियाघाटच्या सुसरींनाही या पाण्याचाच आधार. नदीने कूस बदलली की इकडचं गवत म्हातारं होतं आणि तिकडे नव्या वाळूवर कोवळं येतं. असंच चालत आलंय. अडचण एवढीच की आता तिकडच्या वाळूलाही मालक असतो, बांध घातलेला असतो, नदीला हलायला जागा नसते.

मुक्काम खाता कॉरिडॉरमधल्या डल्ला गावात, थारू घरात. बर्दिया आणि कतर्नियाघाट यांना जोडणारी ही जंगलाची चिंचोळी पट्टी गावकऱ्यांनी आपल्या सामुदायिक वनांतून पुन्हा उभी केली आहे. त्यातून गेंडे, हत्ती, वाघ जातात. २००९ साली सगळ्या नेपाळात १२१ वाघ मोजले होते, २०२२ साली ३५५. त्यातले १२५ एकट्या बर्दियात. घरच्या दिदींनी ढिकरी वाढली, तांदळाच्या पिठाची वाफवलेली, सोबत घोंघीचा, म्हणजे गोगलगायींचा रस्सा. मी विचारलं, वाघ वाढले ते बरं वाटतं का? त्या थोडा वेळ चुलीकडे बघत राहिल्या. शेजारची एक बाई गवत कापायला गेली ती परत आली नाही, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जंगल नभए खोला पनि हुँदैन." जंगल नसेल तर ओढाही नसेल. दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच सुरात सांगितली. आणि आम्ही त्यांच्यासारखं जगत नाही, हे मला कळत होतं.

निघताना त्यांनी ताईला अर्धी विणलेली ढकिया, म्हणजे थारू टोपली, आणि मुंजाची जुडी दिली. "घरी जाऊन पुरी करा."

आठवा दिवस: खैरापूरचे काळवीट

शेवटचा थांबा गुलरियाजवळ. खैरापूरला साडेसोळा-सतरा चौरस किलोमीटरचं कृष्णसार संरक्षण क्षेत्र आहे, २००९ साली जाहीर झालेलं. कृष्णसार म्हणजे आपला काळवीट. नेपाळातून तो संपलाच असं मानत होते. १९७५ साली इथे नऊ दिसले. नऊ! त्या नवांपासून आज कळप झालेत.

उंच गवताचे सात दिवस संपवून इथे आलो आणि ताईचा चेहरा खुलला. आखूड गवत, मोकळी माती, विरळ झाडं, लांबवर दिसणारं सगळं. आमचाच माळ म्हणा ना. काळा नर मान मागे टाकून, शिंगं पाठीला टेकवून माद्यांभोवती फिरत होता. कुंपणापलीकडे लगेच गव्हाची शेतं, सायकली, शाळेला निघालेली मुलं. आतमध्ये एक मादी काही कारण नसताना उंच उडाली आणि मग तिच्यामागोमाग सगळा कळप उडायला लागला, एकामागून एक.

ताई खाली बसली, जमिनीवर पसरलेल्या गवतावर हात फिरवला आणि म्हणाली, "हरळी." राखणदार म्हणाला, "दुबो." तिने त्याला रेहेकुरीच्या काळविटांविषयी सांगितलं, नान्नजविषयी सांगितलं. त्याने विचारलं, तिथे गवत कोण राखतं? ताई उठून उभी राहिली, उत्तर द्यायला तिला वेळ लागला. "थोडे लोक आहेत," म्हणाली.

नेपाळगंजला जेवलो. दुपारी रिक्षाने रुपईडिहाला सीमा ओलांडली, घड्याळ पंधरा मिनिटं मागे घेतलं. तपासणीवरच्या जवानाने पिशव्या उघडायला लावल्या. ढकिया आणि मुंजाची जुडी बाहेर काढून त्याने उलटसुलट बघितली.

"ये क्या है?"

"घास," ताई म्हणाली.

त्याने जुडी परत पिशवीत ठेवली, आणि ठेवताना तिची टोकं मोडणार नाहीत अशी ती आडवी केली.